दीडशेपैकी शून्य

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, भोगी,
१३ जानेवारी २०२६

चि. सौ. रेश्मास मायाक्काचे अनेक आशीर्वाद.

तू एसटीतून पाठवलेली पिशवी काल मिळाली. बाजरी पाच किलो, मटकी दोन किलो, डाळिंबं नऊ, त्यातलं एक दबलेलं. पार्सलचे साठ रुपये पडले. स्टँडवर रिक्षावाला ऐंशी म्हणाला, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी आहे म्हणून. मी पिशवी डोक्यावर घेऊन चालत आले, तेव्हा तो खर्च नाही. बाजरी आज भोगीला उपयोगी पडली.

हे आधी लिहिलं, कारण पुढचं लिहायला हात वळत नाही.

काल हे चिंचोळीहून कारखान्यातून आले आणि चपला काढायच्या आधी मोबाईल माझ्यापुढं धरला. शहाजीनं तुमच्या शाळेच्या ग्रुपवरची यादी पाठवली होती, सोबत बहिणीला एक अक्षर नाही. सराव परीक्षेचा निकाल. मी वरून वाचत आले. पहिल्या पाचांत आपली सोनम नाही. दहांत नाही. सगळ्यात शेवटी, अगदी तळाला, सोनम शहाजी. दीडशेपैकी शून्य.

मी चष्मा पदरानं पुसला आणि परत वाचलं. ह्यांना म्हटलं, "मशीननं एखादा आकडा खाल्ला असेल." हे म्हणाले, "एखादा खाल्ला असता तर समजलं असतं. सगळे कसे खाल्ले?"

अगं, डोळे मिटून गोल रंगवले तरी चारातला एक कुठंतरी बरोबर येतो. पंच्याहत्तर प्रश्नांत एकही बरोबर नाही, हे होतंच कसं? दिवाळीपासून मी तिला पेपर पाठवतेय. ती उत्तरं पोस्टकार्डावर लिहून धाडते, मी तपासून लाल शाईनं मार्क घालून परत करते. एकशेतीसच्या खाली ती कधी आली नाही. आणि तू किती टुकीनं करवून घेतलंस! गोल भरायची एकच उत्तरपत्रिका तीन महिने पुरवलीस, अजून नव्यासारखी आहे, असं तूच लिहिलं होतंस. मी ह्यांना कौतुकानं वाचून दाखवलं होतं.

ताप होता का तिला? की कुणी कागद बदलला? तुमच्या वाडीत कोण काय करील सांगता येत नाही. आबांची अट तुला माहीत आहे. शिष्यवृत्ती लागली तर सोनम सहावीला माझ्याकडं सोलापुरात, नाही तर शहाजीबरोबर मेंढरामागं. माझे वडील एकदा बोलले की बोलले. खरी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

शाळेत जा. सरांना म्हण, कागद डोळ्यांनी दाखवा. शेजारणीच्या फोनवरून मला फोन करू नकोस, सगळी वाडी कान लावून बसते.

तुझी,
मायाक्का

*

लोणवाडी, ता. सांगोला
१८ जानेवारी

सौ. वन्सं यांना रेश्माचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. मी शाळंत जाऊन आले. वन्सं, काय लिव्हू.

सरांनी गठ्ठ्यातनं सोनमचा कागद काडून म्होरं ठेवला. वर नाव, नंबर, समदं सवाच्छ अक्षरात. आणि खाली कायच न्हाय. एक गोल भरलेला न्हाय. कोरा. दुकानातनं आणल्यावानी कोरा. सर म्हनाले, "ताई, तुमची मुलगी दीड तास काय करत होती, तुम्हीच विचारा." मी म्हनलं, "सर, कागद बदलला असंल." तर म्हनाले, "अक्षर तिचंच हाय की." व्हय, अक्षर तिचंच हाय.

घरी आले तर ही अंगणात लंगडी घालतीया. म्हनलं, "सोनम, काय लिव्हलं न्हाईस?" तर म्हनती, "लिव्हलं की." म्हनलं, "शून्य आलंय तुला!" तर हसली वन्सं. खरंच हसली. म्हनती, "आजून आत्याचं मार्क यायचंत की." आन् गेली पुन्यांदा लंगडी घालाय.

मामंजी ओट्यावर बसले हुते. ते म्हनले, "बघ. मायाक्का लाडानं मार्क वाटत हुती. पोरीला वाटतंय आत्याच पास करनार. शाळंत खरं ते निघालं." सासूबाई पन मान हलवत हुत्या. त्यांच्याम्होरं न्हाय, पर वन्सं, तुमास्नी इचारते, रागवू नका. तुमी खरंच जितकं हुतं तितकंच मार्क दिलं का वो?

ह्यांचा फोन आला हुता, शेजारी. मेंढरं कऱ्हाडकडं उसाच्या मोकळ्या रानात खतासाटी बसवल्यात. म्हनले, "माघी पुनवंला येतो. बाचकी बांदून ठेवा, दोगीबी चला. कोकरं सांबाळाय मानूस न्हाय." मी म्हनलं, "परीक्षा?" तर म्हनले, "शून्यावर आनी काय परीक्षा?"

सोनमला त्यातलं काय सांगितलं न्हाय.

तुमची,
रेश्मा

*

सोलापूर,
२२ जानेवारी

चि. सौ. रेश्मास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीत बसले ती दिवेलागणीपर्यंत उठले नाही. देवाला दिवाही ह्यांनी लावला.

लाडानं मार्क? मी? अगं, मी तेलाची बुधली कलती ठेवून शेवटचा थेंब काढणारी बाई. दूधवाल्याला चार आणे कधी जास्त गेले नाहीत माझ्याकडून. "नदी" ला "सरिता" ऐवजी "सविता" लिहिलं म्हणून मी त्या पोरीचे दोन मार्क कापले होते, आणि ह्यांनी चार दिवस मला टोमणे मारले होते. आबांना सांग, त्यांच्या लेकीनं जन्मात फुकट काही वाटलेलं नाही.

मग उरतं काय? पोरीनं कागद मुद्दाम कोरा दिला. दुसरं काही मला सुचत नाही. आणि हसते वर! दहा वर्षांच्या मुलीला एवढा कोडगेपणा येतो कुठून? सिद्धरामेश्वराच्या गाभाऱ्यात उभी राहिले, तर काय मागायचं तेच सुचेना. शून्यावर देव तरी काय मिळवणार?

रेश्मा, एक विचारते, खरं सांग. तुलाच तर शहाजीमागं जायचं नाही ना? नवऱ्याशिवाय सहा-सहा महिने काढणं मलाही कळतं. पण तसं असेल तर मला सांगायचं. पोरीला कागद कोरा द्यायला नाही शिकवायचं.

तुझं काही नको आता. सोनमला तिच्या हातानं लिहू दे. परीक्षेला बसल्यापासून उठेपर्यंत काय काय केलं ते सगळं. तू शेजारी बसायचं नाही, आणि तिला काही सुचवायचं नाही.

मायाक्का

*

लोणवाडी,
२६ जानेवारी

ती. आत्यास सोनमचा साष्टांग नमस्कार.

आज झेंडावंदन झालं. आम्हाला जिलेबी मिळाली. आईनं सांगितलं, आत्याला परीक्षेचं सगळं लिही, म्हणून लिहिते. आई बाहेर भाकरी करते आहे. ती रडते आहे पण मला सांगत नाही का ते.

आत्या, तू अजून माझे मार्क पाठवले नाहीस. बाकीच्यांचे आले. सरांनी माझे शून्य लावले कारण त्यांच्याकडं माझी उत्तरं नाहीतच. ती तर तुझ्याकडं यायची होती. मी हे पायलला सांगितलं तर ती हसली.

मी सगळं तू सांगितल्यासारखं केलं. पहिल्यांदा शीटवर नाव आणि नंबर पेननं लिहिला. सर म्हणाले, शीट कुणी खराब करायची नाही. सगळ्यांनी पेननंच गोल भरले. पायलनं तर एकदम काळेकुट्ट केले. मी तिला हळूच म्हटलं, अगं हे पुसणार कसं? ती म्हणाली, येडी. मला वाईट वाटलं तिचं. तिची शीट एकदाच चालणार.

मी पेन्सिलनं हलका हलका ठिपका दिला, घरी देते तसा. एक प्रश्न लई अवघड होता, आरशातलं घड्याळ. तोपण आला. मग सगळी उत्तरं पोस्टकार्डावर उतरवली. पोस्टकार्ड मी कंपासमध्ये घेऊन गेले होते. मग शीट पुसली. रबराचा चुरा फुंकून टाकला. एकसुद्धा डाग राहिला नाही आत्या, आणि कागद कुठं फाटला नाही. मग सरांना दिली. सर म्हणाले, झालं का सगळं? मी म्हटलं, हो.

पोस्टकार्ड घरी येऊन आईला दिलं, टपालात टाक म्हणून. आई म्हणाली, आता परीक्षा झाली की, आत्याला कशाला? आणि कोनाड्यात ठेवलं. आजीनं चूल पेटवताना ते लावलं. मला परवा कळलं. म्हणून तुला आलं नाही.

पण मला बरीच उत्तरं आठवतात. ती लिहून पाठवली तर चालतील का? मग तू मार्क पाठव म्हणजे आई रडायची थांबेल.

तुझी लाडकी,
सोनम

*

सोलापूर,
३० जानेवारी

चि. शहाजीस अक्काचे आशीर्वाद.

हे पत्र टपालानं वेळेत येणार नाही म्हणून आमच्या शेजारच्या बसूच्या हाती देते. तो सांगोल्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, फाट्यावर उतरून देईन म्हणालाय. तू पुनवेला वाडीवर पोचशील, त्याच्या आत हे पोचायला हवं. तू वाचायचा कंटाळा करशील, म्हणून रेश्मानं मोठ्यानं वाचावं, आबा आणि आई समोर बसलेले असताना.

सोनमचं पत्र आलं तेव्हा भाकरी तव्यावर होती. ती जळून कोळसा झाली तरी मला वास आला नाही.

शहाजी, पोरीनं पेपर सोडवला होता. सगळा. आणि मग पुसला. का, तर मी तिला तसंच शिकवलं म्हणून. ती उत्तरपत्रिका दुकानात सुटी मिळते, आणि मला रोज नवी देणं जीवावर आलं. मी लिहून पाठवलं होतं: पेन्सिलनं ठिपका दे, उत्तरं कार्डावर उतरव, शीट पुसून ठेव, दुसऱ्या पेपरला तीच काढ. पोरीनं तीन महिने तेच केलं. सवाष्णीनं हळदीकुंकू लावावं इतक्या नेमानं केलं. परीक्षा म्हणजे शेवटी शीट पुसायची, आणि मार्क सोलापूरहून यायचे, हेच तिला ठाऊक.

ह्यांना पत्र वाचून दाखवलं. आधी हे हसले. मग म्हणाले, "मायाक्का, तू त्या पोरीला अभ्यास नाही शिकवलास. भांडी घासून पालथी घालायला शिकवलंस." मी त्यांना उलट बोलू शकले नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं.

मी तिला गणित शिकवलं, बुद्धिमत्तेचे प्रश्न शिकवले, समानार्थी शब्द पाठ करून घेतले. लिहिलेला कागद तपासणाऱ्याच्या हाती तसाच द्यायचा असतो, हे तेवढं सांगितलं नाही. ते सांगावं लागेल असं माझ्या मनातच आलं नाही. मी स्वतः दहावीला बसलेली बाई, शहाजी!

आता कुणाकडं पुरावा नाही. कार्ड चुलीत गेलं, शीट कोरी आहे. तुम्हाला पटायचं तर पोरीच्या शब्दावर पटेल. पण आबांना सांग, ते शून्य सोनमचं नाही, माझं आहे. अट लावायची तर मला लावा. मी येते हवं तर कोकरं सांभाळायला.

आणि तू स्वतःच बघ की. सरांकडून तीच प्रश्नपत्रिका आण. पोरीला समोर बसव, तुझ्या डोळ्यांदेखत सोडवू दे. मी नव्या पेठेत जाऊन कोऱ्या शीटा आणल्या आहेत, बसूकडं दिल्या आहेत, दोन काळी पेनंही. किती आणल्या ते विचारू नकोस. एक शीट एकदाच वापरायची. वापरली की परत वापरायची नाही, चुलीला लावली तरी चालेल.

रेश्मा, मागच्या पत्रात मी तुला जे विचारलं ते माझ्या तोंडून जायला नको होतं. तू पोरीसाठी रडत होतीस आणि मी तुला नवऱ्याच्या ओढीचं बोलले. त्याची माफी मी सगळ्यांसमोर मागते, म्हणून हेही मोठ्यानं वाच.

सोनमबाळा, तुला मार्क हवेत. माझ्याकडं तुझा पेपर नाही, मी कशाचे देऊ? आणि यापुढं मी देणारही नाही. परीक्षेचे मार्क आत्या देत नसते. तिथं मशीन असतं, आणि त्याला फक्त शाई दिसते. पायल येडी नव्हती बाळ, आपण दोघी होतो.

तुमची,
मायाक्का

*

लोणवाडी,
५ फेब्रुवारी

अक्कास शहाजीचा रामराम.

तुजं पत्र रेश्मानं वाचलं. आबांनी ऐकलं. ऐकून म्हनले, "मायाक्का लहानपनापास्नं अशीच. पाटी पुसायची घाई."

मी खोटं कशाला बोलू, मला पटलं न्हवतं. म्हनलं आत्या आनी आई मिळून पोरीला वाचवत्यात. म्हनून सरांकडनं परीक्षेची पुस्तिका आनली. सरांनाबी बोलावलं. वट्यावर पोरीला बसवली, मी म्होरं बसलो, आबा बाजूला. सरांच्या हातात घड्याळ. तू पाठवलेली नवी शीट आन् पेन दिला. पोरीनं पैल्यांदा गोल भरला तर माज्याकडं बघितलं, चूक तर न्हाय झाली म्हनून. मग भरत गेली.

अक्का, मी मेंढरं मोजनारा मानूस, मला त्यातलं काय कळतंय? पर सर पोरीच्या मागं हुबं हुते, त्यांचं तोंड मला दिसत हुतं. घड्याळ बगायचंच इसरले ते.

पेपर झाला. पोरीनं पेन ठेवला. आन् माज्या डोळ्यांदेकत, अक्का, तिनं रबर उचलला. शाई पुसंना, तरी घासाय लागली. मी हात धरला. म्हनलं, "सोनम, आत्यानं काय लिव्हलंय?" ती म्हनती, "पुसायचं न्हाय." म्हनलं, "मग?" तर रडाय लागली. म्हनती, "आबा, माजा हातच जातोय." मला ताता म्हनायची ती, आबा म्हनली गडबडीत. असं भ्यालेलं माजं पोर मी कधी बगितलं न्हाय.

एक कोपरा जरा फाटला, पर सरांनी तपासला. एकशे अडतीस आलं. सर वट्यावरच बसले. म्हनले, "शहाजीराव, ही पोरगी मेंढरामागं नेली तर मी तुमच्याशी बोलनार न्हाय." आबा उठून आत गेले, आन् बाचकं बांदलं हुतं ते सोडून ठेवलं.

मी कऱ्हाडला सांगावा धाडलाय, धाकट्या चुलतभावानं मेंढरं बगावी. परीक्षेपातूर मी हितंच हाय. रोज एक पेपर, रोज एक शीट. आजून हात जातोयच तिचा. काल दोनदा गेला. तितं वर्गात मी न्हाय, सर न्हाय, तिचा हात कोन धरनार? हेच एक डोक्यात हाय.

शहाजी

*

सोलापूर,
१० फेब्रुवारी

चि. शहाजीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एकशे अडतीस वाचून मी देवापुढं साखर ठेवली. आणि पुढचं वाचून ती तशीच ठेवून उठले. शाई पुसत नाही तरी घासते! एवढं मी त्या पोरीच्या हाडांत घातलं, मला माहीतच नव्हतं. तू तीनदा लिहिलं असतंस तरी माझा विश्वास बसला नसता, जर कोपरा फाटला ते लिहिलं नसतंस.

परीक्षेला मी स्वतः येते. आदल्या दिवशी वाडीवर मुक्काम, सकाळी तुमच्या केंद्रावर. वर्गात मला सोडणार नाहीत, पण फाटकाशी उभी राहीन, ती आत जाताना मला बघेल. कंपासपेटी मी तपासणार. रबर काढून घेणार, पेन्सिलही. तिला आधी सांगू नका, नाहीतर रात्रभर झोपणार नाही. शेवटी हात मोकळा राहिला की तिनं काय करायचं, तेही मी ठरवलं आहे. शीट पालथी घालायची, दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचं, आणि सर येईपर्यंत सिद्धरामेश्वराचं नाव घ्यायचं. एवढं मात्र आजपासून रोज करून घे. पेपर झाला की हात मांडीखाली. पाहिजे तर तू शेजारी बसून आपलेही घाल.

नियम लावला तर ती पाळते, हे आपण बघितलंच. आता उलटा नियम पाळेल की नाही, याच धसक्यात मी दिवस मोजते आहे. हे म्हणतात, जप कर. करते आहे, पण माळ फिरवताना माझाच हात रबर घासल्यासारखा चालतो.

किती मार्क आले ते मला लिहू नका. हे पत्र पोचेल त्या दिवशीच्या पेपरला हात गेला की नाही, तेवढं उलट टपालानं कळवा.

तुमची,
अक्का